कडेला मीठ लावलेला ग्लास

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलेलं मला अजून पाठ आहे, पण मागच्या वेळी ते वाचून तू 'कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटलं' असं लिहिलंस. म्हणून थेट सुरू करतो. मी बरा आहे. वेळेवर जेवतो. खोलीतली ओल कमी झाली आहे.

फोनवर मी 'हो', 'नाही' आणि 'जेवलो' यापलीकडे जात नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. पत्रात तसं होत नाही. आधी कच्चं लिहितो, शब्द तपासतो आणि मग हे पक्कं लिहितो. शाळा नववीत सुटली म्हणून पत्रात चुका असाव्यात असं नाही.

बातमी अशी, की मला बढती मिळाली. इतके दिवस मी बारच्या मागे ग्लास धूत होतो, आता काउंटरच्या आत उभा राहून पेयं बनवतो. मालकीणबाई म्हणाल्या, "जो माणूस ग्लास एवढा पुसतो, तो त्यात वाईट काही ओतणार नाही." मी दारू पीत नाही, मग चव कशी बघतो असं तू विचारशील. स्ट्रॉ पेयात बुडवायची, वरचं भोक बोटाने दाबायचं, स्ट्रॉत अडकलेला तेवढा थेंब जिभेवर घ्यायचा. आंबट किती, गोड किती, लगेच कळतं. खाली बेसिन असतंच.

आमच्याकडे जास्त करून जोड्या येतात, त्याही पहिल्यांदा भेटणाऱ्या. फोनवर एकमेकांचे फोटो बघून ठरवतात आणि इथे येऊन 'फोटोत वेगळे दिसता' म्हणतात. जो आधी येतो तो दाराकडे बघत पाणीच पाणी पितो. मला त्यांची फार काळजी वाटते.

यासाठी मालकीणबाईंनी एक पद्धत ठेवली आहे. बायकांच्या स्वच्छतागृहात आरशाशेजारी पाटी आहे: 'सोबतच्या माणसाबरोबर बसणं नकोसं झालं, तर ग्लासच्या कडेला मीठ लावलेलं लिंबू सरबत मागा. बाकी आम्ही बघू.' गफलत नको म्हणून मेनूत मिठाचं दुसरं एकही पेय ठेवलेलं नाही. कोणी ते मागितलं, की मी जाऊन सांगायचं, "बाई, तुमच्या घरून फोन आलाय." मग त्यांना स्वयंपाकघरातून मागच्या दाराने टॅक्सीत बसवायचं. सोबतच्या माणसाला संशय येऊ नये म्हणून ग्लास खरोखर बनवून काउंटरवर ठेवायचा असतो. तो कोणीच पीत नाही. तरी मी मन लावून बनवतो. लिंबू, थोडं आलं, साखरेचा पाक, आणि कडेवर मिठाची बारीक रेघ. नंतर ओतून देतो.

एक चष्मेवाली येते. म्हणजे चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, आणि स्वतःलाही चष्मा आहे. दर गुरुवारी नवीन माणसाला भेटायला ती इथेच बोलावते, कारण इथून सुटका करून घेता येते. आतापर्यंत तिने दोनदा मीठ मागितलं. पहिल्या माणसाने तिला सांगितलं, "चष्मा काढा ना, छान दिसाल." ती म्हणाली, "मी छान दिसेन, पण मला तुम्ही दिसणार नाही. तसं बरंच आहे म्हणा." दुसरा तिचा हात सोडेना. त्या दिवशी टॅक्सी यायला वेळ लागला, म्हणून ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. आचाऱ्याने तिला बटाटे तळून दिले. ती हसत होती, पण एकच बटाटा काट्याने ताटभर फिरवत होती. मला म्हणाली, "आणि माझा ग्लास?" मी म्हणालो, "ओतला." ती म्हणाली, "अरेरे. लांबून फार छान दिसत होता." मग आम्ही टॅक्सी येईपर्यंत बोललो. काय बोललो ते लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही.

जूनमध्ये तुझा जहाजावरचा करार संपेल आणि तू इकडे राहायला येशील, म्हणून मी दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. सध्या तिच्यावर शर्ट असतात.

तुझा भाचा

*

२७ फेब्रुवारी, जहाजावरून

प्रिय काळजीखोर भाच्या,

तुझ्या पत्रात स्वतःच्या तब्येतीवर दीड ओळ आहे आणि चष्मेवालीवर सगळ्यात मोठा परिच्छेद. शिवाय 'काय बोललो ते महत्त्वाचं नाही' म्हणतोस. मी जहाजावरच्या सगळ्या चादरींना इस्त्री करते, बाळा. घडी कुठे लपवली आहे ते मला हात फिरवला की कळतं.

बढतीबद्दल शाबास. तुझी आई असती तर तिने सगळ्या आळीला सांगितलं असतं. मी इथे सगळ्या लाँड्रीला सांगितलं.

मी मजेत आहे. लोक म्हणतात, 'तुम्ही किती जग बघता!' मी जग बघते ते असं: बंदर आलं की तीन तासांची सुट्टी, त्यात चपला घालून उतरायचं, काहीतरी गरम खायचं आणि पळत परत यायचं. मागच्या बंदरात मात्र टेकडीवर चढून गेले. आमचा बेकरीवाला बरोबर होता. वर एका बाईच्या दुकानात कांद्याचं गरम सूप मिळालं. हा गृहस्थ तीन वाट्या प्यायला आणि त्यात पाव बुडवताना म्हणाला, "पाव माझा याच्यापेक्षा बरा." त्याला स्वतःची स्तुती करायला कोणी लागत नाही. रोज संध्याकाळी भट्टी आवरली की लाँड्रीत येतो, माझ्या टेबलासमोर उलट्या बादलीवर बसतो आणि बोलत राहतो. मी इस्त्री करत राहते. जा म्हटलं तरी जात नाही.

आता तुझ्याबद्दल. तू दिवसभर माणसं बघतोस, पण काउंटरच्या आतून. तिला जेवायला बोलाव. तुझ्या बारमध्ये नाही. तिथे तू तिचं ऐकायचं सोडून टेबलं पुसशील. अशा ठिकाणी ने जिथे दुसरं कोणीतरी वाढेल आणि तुला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसावं लागेल. तिने नाही म्हटलं तर नाही. आकाश कोसळत नाही, मी विचारून बघितलंय.

आणि शर्ट खुर्चीवर टाकू नकोस. मला कळलं की त्रास होतो.

तुझी मावशी

*

१४ मार्च

प्रिय मावशी,

आधी महत्त्वाचं. त्या बेकरीवाल्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी नीट वाचलं. 'जा म्हटलं तरी जात नाही' हे वाक्य मला बरं वाटलं नाही. आमच्याकडेही असे येतात. आधी गोड बोलतात, मग उठत नाहीत. तू हसून लिहिलं आहेस, पण बाया हसूनच सांगतात हे मी काउंटरवर शिकलो. जहाजावर मागचं दार नसतं. म्हणून एक करू. तो त्रास देत असेल आणि उघड लिहिता येत नसेल, तर पत्रात कुठेतरी मिठाबद्दल काहीतरी लिही. एवढंच. मी समजेन आणि पुढचं बघेन. तुझ्या लिफाफ्यामागे कंपनीचा तक्रारींचा फोन नंबर छापलेला असतो, तो मी भिंतीवर लावून ठेवला आहे.

आता दुसरं. मी तिला विचारलं नाही. विचारणार होतो. वाक्य तयार होतं. पण गेल्या गुरुवारी तिच्यासोबत आलेला माणूस मोटारसायकलबद्दल बोलून लवकर निघून गेला, आणि ती काउंटरवर येऊन म्हणाली, "तुम्ही दिवसभर लोकांच्या भेटी बघता. सगळ्यात वाईट कोणती?" मी म्हणालो, "आजची पहिल्या पाचांत आहे." ती एवढी हसली की मालकीणबाईंनी मान वर केली. मग तिनेच विचारलं, "तुमची सुट्टी कधी असते?"

मी म्हणालो, "का?"

मावशी, मी 'का' म्हणालो. काम सोडून पळून जावंसं वाटलं. पण ती म्हणाली, "कारण मला असं जेवायचंय, की समोरच्याने माझ्याकडे दाताच्या डॉक्टरसारखं बघू नये."

तर सोमवारी दुपारी नदीकाठच्या मासळीच्या खानावळीत जायचं ठरलं आहे. मी काल जाऊन बघून आलो. खिडकीजवळचं टेबल डुगडुगतं, म्हणून भिंतीकडचं सांगून ठेवलं आहे. एका बाजूला ऊन येतं, तिथे मी बसेन. निळ्या शर्टाला इस्त्री केली, तू शिकवलीस तशी, आधी कॉलर. आता फक्त एकच प्रश्न आहे, बोलायचं काय? लोक पहिल्या भेटीत लहानपण सांगतात असं मी बघितलं आहे. माझं लहानपण म्हणजे तूच. तुझ्याबद्दल सांगितलं तर चालेल ना?

काल रात्री दोनदा उठून निळा शर्ट पुन्हा बघितला. पण वाईट नाही वाटत.

तुझा भाचा

*

२ एप्रिल, जहाजावरून

प्रिय भाच्या,

सोमवार होऊन किती दिवस झाले, आणि इथे मी प्रत्येक बंदरात टपालवाल्याला हैराण करते आहे. लिही! काय खाल्लंत? ती काय म्हणाली? तू पुन्हा कितीदा 'का' म्हणालास? माझ्याबद्दल सांगितलंस तर चांगलंच सांग. मी तुला एकदा शाळेच्या गणवेशासकट आंघोळ घातली होती ते गाळ.

इकडे समुद्र खवळलेला आहे. इस्त्री हातात धरून चालावं लागतं. लाँड्रीतल्या दोन पोरी आडव्या आहेत, त्यांचं कामही माझ्याकडेच. त्यात परवा बेकरीवाल्याने पावात मीठच घातलं नाही. सबंध जहाजाने अळणी पाव खाल्ला आणि कोणी बोललं नाही. मी त्याच्या तोंडावर सांगितलं. तर बादलीवर बसून म्हणतो, "लक्ष नव्हतं माझं." मी म्हटलं, "कुठे होतं?" तर गप्प. हा माणूस गप्प बसला की मला भीतीच वाटते.

जूनचं मला तुझ्याशी काही बोलायचं आहे. पण पत्रात नको, किंवा पुढच्या पत्रात. बघू.

लवकर लिही. जीव टांगणीला लागलाय इथे.

तुझी मावशी

*

१९ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं आणि मी समजलो. काळजी करू नकोस. तू मिठाबद्दल लिहिलंस, भीती वाटते असंही लिहिलंस, आणि आपण ठरवलेल्या खुणेबद्दल वेगळं एक अक्षर लिहिलं नाहीस. म्हणजे पत्र दुसरं कोणीतरी वाचत असणार. जूनबद्दल पत्रात लिहिता येत नाही म्हणालीस, तेही लक्षात आलं. मी त्याच दुपारी कंपनीच्या नंबरवर फोन केला. तुझं नाव, काम आणि तक्रार सांगितली. त्या बाई फार नीट बोलल्या. जहाजावरचे अधिकारी दोन आठवड्यांत चौकशी करतील असं त्यांनी सांगितलं आहे. तू एकटी नाहीस.

सोमवारचं विचारलं आहेस. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहावंसं वाटलं नाही.

सुरुवात चांगली झाली. निदान मला तसं वाटलं. ती वेळेआधी आली आणि ऊन येणाऱ्या खुर्चीवर बसली. म्हणाली, "मला ऊन आवडतं." सूप मागवलं, भाजलेला मासा मागवला. मी तुझ्याबद्दल सांगितलं. जहाजाच्या लाँड्रीत हरवलेले मोजे तू कसे जोड्या लावून ठेवतेस ते ऐकून ती म्हणाली, "मला तुमच्या मावशीला भेटायचंय." मग तिने दुकानातल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली. ते दर महिन्याला डोळे तपासायला येतात, कारण घरी त्यांना कोणी 'आता बरं दिसतंय का' असं विचारत नाही. हे सांगताना तिचा आवाज बदलला. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मला वाटलं, सगळं ठीक चाललं आहे.

मग वेटर आला. पिण्यासाठी काय, असं त्याने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाली, "मला लिंबू. कडेला मीठ लावून."

तिथल्या वेटरला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो फक्त तिला आणि मला माहीत होता. म्हणजे ते मलाच सांगितलं होतं. ती हसून म्हणाली खरं, पण हात धरून बसलेल्या त्या माणसासमोरही ती हसूनच म्हणाली होती.

मी माझं काम केलं. उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, तुमच्या घरून फोन आलाय." ती म्हणाली, "कुठे? माझा फोन तर हा इथे आहे." मी म्हणालो, "काळजी करू नका, मी सगळं बघतो." बिल भरलं, टॅक्सी बोलावली, चालकाला सांगितलं की बाईंना घरापर्यंत सोडा, दार उघडेपर्यंत थांबा. वेटरला निरोप द्यायला सांगितलं आणि मी स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत निघालो. कोपऱ्यावर उभं राहून ती सुखरूप बसते का तेवढं बघितलं. ती दारात आली. टॅक्सीकडे बघितलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. बराच वेळ उभी होती. मग टॅक्सी सोडून चालतच गेली.

तिला अवघडायला नको म्हणून मी गुरुवारची पाळी बदलून घेतली आहे. पहिल्या गुरुवारी ती एकटीच आली होती आणि माझी चौकशी करून गेली, असं मालकीणबाई म्हणाल्या. आभार मानायला आली असेल. ती तशी रीतीची आहे. त्यानंतर आली नाही.

मला वाईट वाटलेलं नाही. मासा मात्र तसाच राहिला.

तुझा भाचा

*

८ मे, जहाजावरून

अरे मूर्खा,

मायना वगैरे काही नाही. आधी शिव्या.

परवा मी अर्ध्या चादरीवर असताना मला वर बोलावलं. मोठ्या अधिकाऱ्यांची खोली, शेजारी डॉक्टरबाई, समोर कागद. मला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं. एवढ्यात बेकरीवाल्यालाही आणलं. कोपरापर्यंत पीठ, चेहरा पडलेला. अधिकारी त्याला म्हणाले, "तुम्ही या बाईंना त्रास देता, अशी यांच्या नातेवाइकांची तक्रार आहे." तो म्हणाला, "देतो. रोज गरम पाव नेऊन देतो, त्यांना करपलेला आवडतो." डॉक्टरबाईंनी तोंडावर कागद धरला. अधिकारी चिडले. म्हणाले, "तुमचा यांच्याशी संबंध काय, ते सरळ सांगा." तर हा बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "तेच मी वर्षभर यांना विचारतोय."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तुला माहीत आहे मी कशी आहे. सरळ उत्तर द्यायची वेळ आली की मला कुठली तरी चादर आठवते. त्या खोलीत चादर नव्हती. अधिकारी पेन घेऊन बसलेले. शेवटी मी म्हटलं, "लिहा. होणारा नवरा." बेकरीवाला मटकन खुर्चीवर बसला. खुर्ची अधिकाऱ्यांची होती. आता तिला पीठ लागलंय ते मलाच धुवायचं आहे.

हेच मला जूनबद्दल सांगायचं होतं. मला आवडतो तो. आम्ही दोघं मिळून कुठेतरी लहानशी बेकरी टाकायचं म्हणतो आहोत. तू खुर्ची आणून ठेवलीस हे वाचल्यापासून मला लिहवत नव्हतं. वाटलं, तुला वाटेल मावशीने सोडलं. म्हणून आज लिहू, उद्या लिहू करत राहिले. माझं तुझ्याकडे येणं होईलच, पण राहायला नाही, पाहुणी म्हणून. येताना पाव घेऊन येईन.

आता तुझ्या खुणेचं. मी ती वाचली, हसले आणि विसरले. मला वाटलं तू गंमत केलीस. तू गंमत करत नाहीस हे मी विसरले, ती माझी चूक. पण पावात मीठ नव्हतं म्हणजे पावात मीठ नव्हतं! मला बेकरीवाल्याची भीती वाटत होती ती यासाठी, की हा गप्प बसला म्हणजे लग्नाचं विचारणार.

हे कळलं ना? आता थंड पाणी पी आणि तुझंच पत्र पुन्हा वाच. ती वेळेआधी आली. तुझ्या मावशीला भेटायचं म्हणाली. आवाज बदलेपर्यंत मनातलं बोलली. टॅक्सीत बसली नाही, रस्त्याकडे बघत उभी राहिली. गुरुवारी येऊन तुला शोधून गेली. आणि एवढ्या सगळ्यात तू ऐकलंस काय, तर मीठ.

तिने मीठ का मागितलं ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. ते फक्त तिला माहीत आहे, आणि तिचं दुकान तुला माहीत आहे. मी तिच्या जागी असते तर तुला दारात उभं केलं नसतं. पण ती माझ्यापेक्षा बरी असेल. जा.

तुझी मावशी

(बेकरीवाला म्हणतो, भाच्याला माझा नमस्कार सांगा, आणि पुन्हा असा फोन करायचा असेल तर पाव भट्टीत नसताना करा. त्या दिवशी सगळे जळले.)

*

३० मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. दुसऱ्या खुर्चीवर बसलो, शर्ट काढून ठेवून. तू सोडलंस असं मला वाटलं नाही. थोडा वेळ वाटलं, मग नाही वाटलं. त्यांना माझा नमस्कार सांग. मी माफीचं वेगळं पत्र लिहितो आहे, त्याचा कच्चा मसुदा अजून चालू आहे.

मी गेलो. दुकानात जाऊन काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून डोळे तपासायचे आहेत असं सांगितलं. ती पांढऱ्या कोटात होती. मला बघून चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "बसा," म्हणाली, कोणालाही म्हणावं तसं. आतल्या अंधाऱ्या खोलीत ते यंत्र असतं, त्यात हनुवटी ठेवायची. मी ठेवली. तिने काचा बदलत विचारलं, "हे बरं, की हे?" मी म्हणालो, "दोन्ही बरी आहेत." "खालची ओळ वाचा." वाचली. "त्याच्याखालची." तीही वाचली. मग ती म्हणाली, "नजर उत्तम आहे तुमची. मग समोर बसलेलं माणूस कसं दिसत नाही?"

मी सगळं सांगितलं. तिने मीठ मागितलं, ते मी काय समजलो, टॅक्सी का बोलावली, कोपऱ्यावरून काय बघितलं, गुरुवारची पाळी का बदलली. हनुवटी यंत्रातच होती, कारण काढायला कोणी सांगितलं नव्हतं. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता.

मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला तुमच्यापासून वाचवलंत?"

मी म्हणालो, "हो."

"टॅक्सीवाला मला विचारत होता, बाई, कोणी त्रास देतंय का? मी म्हटलं, हो, पण तो स्वयंपाकघरातून पळाला."

मी म्हणालो, "चुकलं माझं. पण तुम्ही मीठ का मागितलंत?"

तिने दिवा लावला. डोळे लाल होते, पण रागावल्यासारखी नव्हती. म्हणाली, "दोनदा मी तो ग्लास मागितला. दोन्ही वेळा तुम्ही तो किती जपून बनवता ते लांबून बघितलं. कडेवरून मीठ कसं फिरवता ते. आणि दोन्ही वेळा तोंडाला लागायच्या आत मला बाहेर काढलंत. त्या सोमवारी मला वाटलं, आज कुठे पळायचं नाहीये. आज तो बसून पिऊ." मग म्हणाली, "आता हनुवटी काढा. मान अवघडेल."

मी हनुवटी काढली आणि म्हणालो, "तिथल्या वेटरने नुसतं लिंबू पिळलं असतं. आलं घातलं नसतं." ती म्हणाली, "तेच ना."

गुरुवारची पाळी मी परत मागून घेतली. परवा गुरुवारी ती आली. एकटी. टेबलावर नाही, काउंटरवर माझ्यासमोर बसली, कोट काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "एक लिंबू. कडेला मीठ लावून."

आणि आमच्याकडची पद्धत तुला माहीत आहे. मालकीणबाई गल्ल्यावरून उठल्या. टॅक्सीसाठी हात फोनकडे गेला. आचाऱ्याने आतून मागचं दार उघडून धरलं. मग सगळे शोधायला लागले, की त्रास देणारा माणूस कोणता. तिच्यासमोर तर फक्त मीच होतो. मालकीणबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की मला घाम फुटला. आचारी हातात झारा घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "तू? अरे, तू?"

तिने मालकीणबाईंना सांगितलं, "फोन ठेवा. माझ्या घरून काही फोन आलेला नाही. मला कुठेही जायचं नाही. मला हे प्यायचंय."

मी बनवायला घेतलं. इतके ग्लास बनवले, पण त्या दिवशी लिंबू दोनदा हातातून सुटलं. स्ट्रॉने थेंब चाखला, आलं कमी वाटलं, पुन्हा घातलं. ती म्हणाली, "किती वेळ?" मी म्हणालो, "घाई आहे का?" ती म्हणाली, "नाही." आचारी झारा घेऊन तसाच उभा होता, त्याला तिने आत पाठवलं आणि बटाटे मागवले.

ती हळूहळू प्यायली. प्रत्येक घोटाला ग्लास थोडा फिरवायची, म्हणजे मिठाची नवी कड ओठाला येईल. मध्ये गिऱ्हाइकं आली, मी त्यांचं बनवून दिलं, पुन्हा तिच्यासमोर आलो. एकदा मला म्हणाली, "बस ना जरा." मी म्हणालो, "काउंटरच्या आत स्टूल नसतं." तर तिने शेजारचं उंच स्टूल उचलून मालकीणबाईंच्या डोळ्यांदेखत आत दिलं. मालकीणबाई फक्त एवढंच म्हणाल्या, की आता खूण बदलावी लागणार. नवीन काय ठरली ते मी तुलासुद्धा लिहिणार नाही.

या सोमवारी पुन्हा त्याच खानावळीत जायचं आहे. भिंतीकडचंच टेबल. ऊन तिच्या बाजूला.

ती गेल्यावर ग्लास मी स्वतः विसळायला घेतला. कडेला मीठ उरलं नव्हतं.

तुझा भाचा